खाडी नव्हे, व्हाळ

शनिवार, फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. सॅन होजे.

तीन दिवस लागून राहिलेला पाऊस आज उघडला. चहा घेतला, बूट चढवले आणि थेट अलम रॉक पार्क गाठलं. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे डोंगर आत्ता हिरवे आहेत. मे महिना लागला की वाळून पिवळे पडतील. इतकी वर्षं झाली, तरी फेब्रुवारीतली ही हिरवाई पाहून आजही मन हरखतं.

क्रीक ट्रेलवर दोन वर्षांपूर्वी बाबांना घेऊन आले होते, मार्चमध्ये. 'क्रीक' ऐकून ते खाडी बघायलाच निघाले होते. ठाण्याची खाडी म्हणजे ठाणे क्रीक, मग हीसुद्धा खाडीच असणार, हा त्यांचा सरळ हिशेब. भरती किती वाजता असते, तेही त्यांनी गाडीत विचारून घेतलं. आणि समोर काय, तर दगडांवरून उड्या मारत जाणारं, चार ढांगांत ओलांडता येईल एवढं पाणी. बाबा थबकले. म्हणाले, "अगो, ह्यो तर व्हाळ!" आणि त्यांचा चेहरा असा उजळला की खाडी असती तर तेवढा उजळला नसता. कुडाळजवळच्या आमच्या घरामागे असाच व्हाळ आहे. तेव्हापासून माझ्यासाठी पेनिटेन्सिया क्रीकचं नाव व्हाळच.

आज पाणी चढलेलं होतं. दोन्ही काठांचे आल्डर बुंध्यापर्यंत भिजलेले, सिकॅमोर अजून निष्पर्ण. त्यांची पांढुरकी, सोललेली खोडं पाहून मला दर वेळी आपल्याकडचा कांडोळ आठवतो. बकआयला मात्र पोपटी पालवी फुटलीय, सगळ्यांच्या आधी. वर कुठेतरी सुतारांचा गलका चालला होता. हे सुतारपक्षी झाडाच्या सालीला शेकडो भोकं पाडतात आणि एकेका भोकात ओकचं एकेक फळ घट्ट ठोकून बसवतात. सगळं कुटुंब मिळून त्या कोठाराची राखण करतं. आगोटीची बेगमी करणाऱ्या आमच्या आजीला हे पक्षी फार आवडले असते.

झऱ्यांपाशी पोचले तेव्हा गंधकाचा वास आला. हे उद्यान १८७२ सालचं, कॅलिफोर्नियातल्या सर्वांत जुन्या नगरउद्यानांपैकी एक. १८९० ते १९३२ या काळात लोक इथे हवापालटाला आणि औषधी पाण्यात डुंबायला यायचे, शहरातून रेल्वेने. आता रूळही नाहीत आणि स्नानगृहंही. झऱ्यांभोवतीचे दगडी कोनाडे तेवढे उरलेत, शेवाळलेले. बाबांनी त्यातल्या एकात बोट बुडवून वास घेतला होता आणि "वज्रेश्वरी" एवढंच म्हणाले होते.

पायवाटेच्या कडेला पॉयझन ओकच्या नुसत्या काटक्या उभ्या होत्या. त्यांच्यापासून मी आता चार हात लांब राहते. त्या खेपेला बाबांनी आधाराला म्हणून एक काटकी मोडून घेतली आणि दोन दिवसांनी हात मनगटापासून कोपरापर्यंत फोडांनी भरला. मी घाबरून गेले. बाबा मात्र शांतपणे म्हणाले, बिब्बा उततो तसंच आहे हे. नंतर वाचलं तर खरंच तसं निघालं. बिब्बा, काजू, आंबा आणि हे झुडूप, सगळे एकाच कुळातले. पानं नसली तरी काटकीतलं तेल बाधतंच, हे मला आधी माहीत असायला हवं होतं. ती चुटपुट अजून जात नाही.

पुलावर बराच वेळ उभी राहिले. बाबा इथेच उभे होते, कठड्यावर कोपर टेकून. "हयसर चढणीचे मासे येतत काय?" त्यांनी विचारलं होतं.

येतात. हे पाणी पुढे कोयोटी क्रीकला मिळतं आणि कोयोटी क्रीक सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराला. म्हणजे खाऱ्या पाण्याचा बाबांचा अंदाज अगदीच चुकला नव्हता, तो फक्त काही मैल खाली होता. स्टीलहेड ट्राउट गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि हिवाळ्यातल्या पुराच्या पाण्यावर अंडी घालायला पुन्हा वर चढतो. वाटेत बांध, तळाचं सिमेंट आणि कोरडी पडलेली पात्रं. इथल्या स्टीलहेडचं नाव १९९७ पासून धोक्यातल्या प्रजातींच्या केंद्रीय यादीत आहे.

हे सांगितल्यावर बाबा गप्प झाले होते. मग हळूहळू बोलू लागले. मिरगाचा पहिला पाऊस पडला की रात्री कंदील घेऊन सगळी पोरं व्हाळावर. बांबूचा सापळा लावायचा, मासे अंड्यांनी फुगलेले असायचे. "तेच आम्ही खाल्ले," ते म्हणाले, "आणि आता विचारतो मासे का येत नाहीत." त्यांच्या आवाजातला तो खेद मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

आज मासा दिसला नाही. अर्धा तास टक लावून बघत होते, एक सावली हलल्यासारखी वाटली, पण तो फांदीचा तुकडा होता. दरीत फोनला रेंज नसते. पाण्याचा आवाज तेवढा रेकॉर्ड केला आणि गाडीपाशी आल्यावर पाठवला. तिकडे रात्रीचे पावणेअकरा वाजले होते, तरी बाबा जागेच होते. लगेच फोन आला.

"पाणी लाल झाला काय?"

"नाही बाबा, इथली माती तशी नाही. राखाडी झालंय, गढूळ."

"तळ दिसता?"

"कडेला दिसतो."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मगे आणखी एक पाऊस पडांदे."