आमची वाटचाल : पुस्तक कोण धरतलो?

आज आम्ही उघडं पुस्तक धरून ठेवणारे लाकडी स्टँड करतो. पूर्वी मात्र वेंगुर्ल्यात पाऊस लागला की आमच्या धंद्याला तीन महिने टाळं. बाबा कातारी. सावंतवाडीच्या चितार आळीत काम शिकले आणि इथे येऊन पोळपाट, लाटणी, भोवरे, लाकडी फळं करू लागले. हा माल घेणारे मे महिन्यातले पर्यटक. जून उजाडला की लेथ बंद, वीज बहुतेक वेळा गेलेली, आणि मी पडवीत पत्ते पिसत बसलेला.

पत्ते जुगाराचे नव्हेत, जादूचे. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर मला एक जुनं पुस्तक मिळालं होतं. १९०२ साली अमेरिकेत एर्डनेस या टोपणनावाने कुणीतरी पत्त्यांच्या हातचलाखीवर ग्रंथ लिहिला, त्याची ही नंतरची स्वस्त आवृत्ती. डावी करंगळी गड्डीच्या कुठल्या कोपऱ्यावर, अंगठा कुठे, मधलं बोट किती वाकवायचं, सगळं तो ओळीओळीने सांगतो. एक वाक्य वाचायचं, बोटं तशी लावायची, पुढचं वाक्य वाचायला मान वर करायची, तर पुस्तक मिटलेलं. गड्डी खाली ठेवून पान शोधेपर्यंत बोटं आपली जागा विसरलेली. दोन पत्ते एकदम उचलून एकच उचलला असं भासवायची ‘डबल लिफ्ट’ शिकताना तर मी रडकुंडीला आलो होतो.

आई दारात तांदूळ निवडत होती. म्हणाली, “दोनय हात पत्त्यांत, मगे पुस्तक कोण धरतलो?”

कपड्यांचे चिमटे लावून पाहिले, पण पान उलटताना प्रत्येक वेळी दोन्ही काढायचे. आईचा वरवंटा ठेवला, तो गडगडत माझ्या पायावर आला. मग माळ्यावरून आजोबांच्या पोथीचं व्यासपीठ काढलं, एकमेकींत अडकवलेल्या दोन फळ्यांचं. त्याचाही उपयोग नाही, आणि का नाही हे कळल्यावर मात्र माझी झोप उडाली. जुनी पोथी सुट्या पानांची. ती मिटतच नाही! व्यासपीठाने तिला नुसतं उचलून धरायचं. आपली आजची स्वस्त पुस्तकं पाठीला गोंद लावून चिकटवलेली. ती पाठ ताठ राहते आणि उघडलेलं पुस्तक पुन्हा मिटायला बघते. दोऱ्याने शिवलेलं पुस्तक त्या मानाने गुणी, जरा दाबलं की पसरून पडतं.

त्यात आणखी एक मेख. पुस्तकाच्या सुरुवातीला डावीकडे चार पानं आणि उजवीकडे दोनशे, शेवटाला उलटं. एकच आडवी पट्टी लावली तर जाड बाजू दबते आणि पातळ बाजू पट्टीखालून सुटून फडफडते. म्हणजे दोन बाजूंना दोन वेगळी बोटं हवीत. एवढी गोष्ट डोक्यात शिरायला मला अख्खा पावसाळा लागला.

पहिला स्टँड पांगाऱ्याचा केला, खेळण्यांना तेच लाकूड वापरायचो म्हणून. हलकं, पण इतकं मऊ की महिन्याभरात स्क्रू ढिले. फणस मजबूत, पण कुरियरवाला वजन करून जो आकडा सांगायचा तो ऐकून गिऱ्हाईक पळायचं. शेवटी शिवणीच्या लाकडावर आलो. हलकी, आणि हवा बदलली तरी फारशी वाकत नाही. (शिवण नसलेल्या पुस्तकाला शिवणीचा आधार, हा विनोद मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. अजून कोणी हसलेलं नाही.)

बोटांना आधी लोखंडी स्प्रिंगा होत्या. खाऱ्या वाऱ्याने त्या एका मोसमात गंजल्या आणि पानांवर तांबडे डाग पडले. मग स्प्रिंगच काढून टाकली. फळी मागे कललेली असते, तेव्हा बोट खाली बिजागरीवर बसवून टोकाला पितळी गोळी लावली की ते आपल्याच वजनाने पानावर रेलतं. डावं बोट डावीकडची जाडी बघतं, उजवं उजवीकडची. पुढचे पाय इतके बुटके ठेवले की पत्त्यांची चटई स्टँडला खेटून बसते आणि हातावरून पानावर जाताना नजर फक्त वीतभर सरकते. पान उलटायला अजूनही हात लागतोच. पण तो पानामागे एकदा, ओळीमागे नाही.

मग पुण्याच्या एका दुकानदाराने चाळीस नग मागवले. घाईत मी पॉलिश फक्त पुढच्या बाजूला मारलं, मागे कोण बघतंय म्हणून. लाकूड दमट हवेतलं, नीट वाळलेलंही नव्हतं. पुण्याच्या उन्हाळ्यात मागची उघडी बाजू भराभर सुकून आकसली आणि फळ्या परातीसारख्या वाकल्या. सगळे नग परत, पैसे नाहीत. मी आठवडाभर त्या माणसाला शिव्या घातल्या, पण चूक माझी होती. आता फळ्या माळ्यावर मध्ये काठ्या घालून रचतो आणि पॉलिश दोन्ही बाजूंना, कडांनाही सारखंच मारतो.

सावंतवाडीचं नाव निघालं की लोक विचारतात, “गंजिफाही करता का?” नाही. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते हाताने रंगवायचे, ते काम चितारींचं. जादूवाल्याच्याही ते उपयोगाचे नाहीत. आमच्या सगळ्या खोड्या ६३ बाय ८८ मिलिमीटरच्या चौकोनी पत्त्याला चार कोपरे असतात म्हणून चालतात.

पत्त्यांची जादू करणारे आहेत तरी किती? वर्षाला वीस-पंचवीस नग त्यांचे. घर चालतं ते भजनी बुवांवर, हे मला एका डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, उमगलं. बुवांचा उजवा हात पेटीच्या सुरांवर, डावा भात्यावर, समोर गजरांची वही, आणि पंख्याच्या वाऱ्याने ती मिटली. बाजूचा कोरसवाला गाता गाता वही धरून बसला. दुसऱ्या दिवशी मी स्टँड घेऊन बुवांच्या दारात. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “पेटयेर बसात काय?”

बसत नव्हता. आता बसतो. पाय आखूड केले आणि खाली रबर लावलं, भाता हलला तरी सरकत नाही. चतुर्थीच्या आधीचे दोन महिने, जेव्हा पूर्वी टाळं असायचं, तेव्हा आम्हाला जेवायला फुरसत नसते.

पत्ते पिसणं मागे पडलंय. परवा आईला डबल लिफ्ट करून दाखवली. म्हणाली, “दोन उचललंस.”