शेवटच्या चौकटींची वही : बावन्न पूर्ण

बावन्नावी चौकट काल रात्री शाईने पक्की केली. गेल्या दिवाळीनंतर ही वही सुरू केली, तेव्हा नियम एकच ठेवला होता. ज्या जुन्या चित्रपट्ट्यांत (वर्तमानपत्रांतल्या कॉमिक स्ट्रिप्समध्ये) मूल हेच मुख्य पात्र आहे, त्यांची फक्त शेवटची चौकट हाताने उतरवायची, आठवड्याला एक. ट्रेसिंग नाही. आधी पेन्सिल, मग टाक आणि काळी शाई. अख्खी पट्टी काढण्याइतका वेळ मिळत नाही, म्हणून शेवटची चौकट. सुरुवातीला एवढाच विचार होता.

पण मे महिन्यात भाचा राहायला आला. सात वर्षांचा आहे. वही चाळताना त्याच्या हाताला लागोपाठ तीन पानं लागली आणि त्याने विचारलं, "मामा, ह्यांना दर वेळी मार का बसतो?" तेव्हापासून रेषेबरोबर मी आणखी एक गोष्ट बघू लागलो : या शेवटच्या चौकटीत मोठ्या माणसाचा हात कुठे आहे?

ती तीन पानं 'कॅट्झेनजॅमर किड्स'ची होती. रुडॉल्फ डर्क्सची ही मालिका १२ डिसेंबर १८९७ला 'न्यूयॉर्क जर्नल'मध्ये सुरू झाली. हान्स आणि फ्रिट्झ खोड्या काढतात, सापडतात आणि बहुतेक वेळा ममाच्या मांडीवर पालथे पडून मार खातात. ममाचा उगारलेला हात काढताना समजलं, की डर्क्स त्याच्याभोवती दोन-तीन छोट्या कमानी काढतो आणि तेवढ्यानेच हात हलू लागतो. मी आधी पाच कमानी काढल्या होत्या, हात पंख्यासारखा दिसायला लागला. दोन खोडल्यावर जमलं.

पण या जोडीचं मूळ जर्मनीत आहे, विल्हेल्म बुशच्या १८६५ सालच्या 'मॅक्स उंड मॉरित्स'मध्ये. तिथला शेवट ममाच्या मारापेक्षा किती तरी भयंकर. दोन्ही पोरं गिरणीत दळली जातात. बुश त्यांचं पीठ जमिनीवर सांडलेलं दाखवतो आणि त्या दाण्यांतून दोन मुलांच्या आकृत्या अजून ओळखू येतात. मग बदकं येऊन ते टिपतात. मी ते दाणे टिंबाटिंबांनी काढले, दोन संध्याकाळी गेल्या. काढून झाल्यावर वही मिटून ठेवली. भाच्याला ते पान दाखवलेलं नाही.

क्रमाने बघायचं तर सुरुवात 'यलो किड'पासून व्हायला हवी. वहीतही पहिलं पान त्याचंच आहे. रिचर्ड आउटकॉल्टचा हा टकल्या, पिवळ्या झग्यातला गल्लीतला पोरगा १८९५मध्ये 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आला, पण तिथे तो एका मोठ्या गजबजलेल्या चित्रात उभा असायचा. चौकटीच नाहीत, मग शेवटची कुठून आणायची? ती मिळाली २५ ऑक्टोबर १८९६च्या 'जर्नल'मधल्या फोनोग्राफच्या (आवाज वाजवणाऱ्या जुन्या पेटीच्या) पानावर. पेटीतून त्याची स्तुती ऐकू येत राहते आणि शेवटी पेटीतून पोपट बाहेर पडतो. एरवी या मुलाचं बोलणं त्याच्या झग्यावर छापलेलं असायचं. इथे चकित झाल्यावर त्याच्या तोंडातून संवादाचा फुगा निघतो. त्या गल्लीत त्याला मारायला कुणी नाही. सांभाळायलाही कुणी नाही.

आउटकॉल्टच्याच 'बस्टर ब्राउन'मध्ये (१९०२पासून, 'न्यूयॉर्क हेरल्ड') घर श्रीमंत आहे आणि शिक्षा ठरलेली. शेवटी मुलगा यापुढे शहाण्यासारखं वागण्याचा निश्चय लिहून दाखवतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या टाइग या कुत्र्याचा जबडा मला अजून नीट जमलेला नाही.

आता 'लिटल निमो'. माझ्या बावन्नांपैकी नऊ चौकटी याच्या आहेत, आणि त्याबद्दल मला जराही खंत नाही. विन्झर मॅके यांनी १५ ऑक्टोबर १९०५ला 'हेरल्ड'मध्ये हे सुरू केलं. पूर्ण पानभर स्वप्न, महाल, राजकन्या आणि खाली कोपऱ्यात एक छोटी चौकट : निमो जागा होतो, अनेकदा पलंगावरून खाली पडलेला. २६ जुलै १९०८चं पान घ्या. पलंगाचे पाय लांब-लांब होत जातात आणि पलंग निमोला घेऊन शहराच्या घरांवरून चालू लागतो. वरच्या चौकटी उंच आहेत, कारण पायांना तेवढी जागा हवी. आणि शेवटी तोच पलंग साधा, बुटका, चादर विस्कटलेली. मी चादरीच्या घड्या चार वेळा काढल्या. मॅके घडी जिथे मोडते तिथे रेषा जाड करतो आणि मोकळ्या कापडावर ती अगदी केसाएवढी बारीक ठेवतो. निबवरचा दाब बदलल्याशिवाय हे होत नाही, त्यासाठी लवचीक निबच लागते. इथे आई किंवा वडील असतात बऱ्याचदा, पण बहुधा चौकटीबाहेर, आवाजातच. हात दिसत नाही. मला तर ही शिक्षा वाटतच नाही, स्वप्न तुटल्याचं दुःख वाटतं.

जूनमध्ये 'गॅसोलीन ॲली'ला हात घातला आणि तिथे वहीचा नियमच अडला. फ्रँक किंगच्या या मालिकेत १४ फेब्रुवारी १९२१ला वॉल्ट या ब्रह्मचारी माणसाच्या दारात टोपलीत बाळ सापडतं. मोटारींच्या गप्पांची ही मालिका बायकांनीही वाचावी, म्हणून संपादकाला बाळ हवं होतं. पण किंगने पुढे जे केलं ते त्या हिशेबाच्या फार पलीकडचं होतं. ते बाळ, म्हणजे स्कीझिक्स, वाचकांबरोबर दिवसागणिक वाढत गेला, शाळेत गेला, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेला, १९४४मध्ये त्याचं लग्न झालं. शेवटची चौकट शोधायची तरी कुठे? उद्याचा दिवस आहेच. शेवटी मी शरद ऋतूतल्या रविवारच्या पानांतली एक चौकट निवडली : गळलेली पानं, आणि वॉल्टच्या जाड बोटांत मुलाचा हात. चौतीसावं पान. वहीत मोठ्या माणसाचा असा हात पहिल्यांदाच आला.

मार मात्र एवढ्यात संपत नाही. १२ मार्च १९५१ला, एकाच दिवशी, अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये डेनिस नावाची दोन वेगवेगळी खोडकर पोरं वाचकांसमोर आली, एकमेकांचा पत्ता नसताना. हँक केचमचा अमेरिकी डेनिस कोपऱ्यात तोंड करून बसवला जातो. 'बीनो' या मुलांच्या साप्ताहिकातला ब्रिटिश डेनिस वडिलांच्या सपातेचा मार खायचा, तोही कितीतरी वर्षं.

चार्ल्स शुल्झ यांचं 'पीनट्स' त्याच्या थोडं आधी, २ ऑक्टोबर १९५०ला, सात वृत्तपत्रांत सुरू झालं होतं. चार सारख्या मापाच्या चौकटी, म्हणजे संपादकाला आडव्या, उभ्या, चौकोनी कशाही लावता याव्यात. पहिल्याच पट्टीत चार्ली ब्राउन समोरून जातो, शर्मी हा दुसरा मुलगा त्याला "गुड ओल्ड" म्हणत राहतो आणि चौथ्या चौकटीत, तो निघून गेल्यावर, सांगतो की मला त्याचा केवढा तिरस्कार वाटतो. मोठं माणूस कुठेच नाही. हात उगारलेला नाही, धरलेलाही नाही. मला ही बावन्नांतली सगळ्यात कठोर चौकट वाटते, कारण मूल मुलाशी असं वागतं आणि मध्ये पडायला कुणी नाही. काल पूर्ण केली ती हीच. शुल्झ एस्टरब्रुक कंपनीची ९१४ निब वापरत, ती माझ्याकडे नाही. माझ्या निबने शर्मीची भुवई जरा जाड आली आहे, तशीच ठेवली.

पुढची पानं 'चिंटू'साठी राखून ठेवली आहेत. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१मध्ये 'सकाळ'मध्ये त्याला आणलं, तेव्हाची कात्रणं आईने एका जुन्या डायरीत खळीने चिकटवून ठेवली होती. कागद पिवळा पडलाय, कडा सुटतायत. काल रात्री त्यातली पहिली काही उलटून पाहिली. त्यातल्या एकीत आई चिंटूच्या शेजारीच उभी आहे, हात कमरेवर. त्रेपन्नावं पान त्या चौकटीचं. पेन्सिल झाली आहे.