आमची वाटचाल : सरांची वही आणि 24.987

भोसरीत ज्यांचं वर्कशॉप आहे त्यांना एक्स-बार आर चार्ट म्हणजे काय ते सांगायला नको; बाकीच्यांसाठी, मशिनवरच्या मापांची सरासरी आणि चढउतार दाखवून मशिन बिघडतंय का ते सांगणारा आलेख. तो काढून देणारं सॉफ्टवेअर आम्ही 2008 पासून विकतो. सदाशिव पेठेत दोन खोल्या, मी आणि माझे भागीदार. त्यांना सगळे सर म्हणतात, आयुष्य चिंचवडच्या एका कारखान्याच्या क्वालिटीत गेलं. कोड माझा, हेल्प फाइल सरांची. ती त्यांनी आधी दोनशे पानी वहीत लिहिली, पट्टी लावून तक्ते आखले. नमुन्याचे आकडेसुद्धा मनानं घातले नाहीत. आमचं पहिलं गिऱ्हाईक असलेल्या भोसरीच्या काकांकडे जाऊन स्वतः बोअर गेज (बोअर म्हणजे भोक, त्याचा आतला व्यास मोजायचं साधन) धरून घेतले. पहिलाच आकडा 24.987 मिमी.

पुढची पंधराएक वर्षं पगार वेळेवर झाले.

नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीनं एमसीपी, म्हणजे एआयला बाहेरची सॉफ्टवेअर वापरता यावीत म्हणून ठरवलेली जोडणीची पद्धत, जाहीर केला आणि काही महिन्यांत फोन सुरू झाले. ‘आमचा एआय एजंट रिपोर्ट बनवतो, पण तुमचं टूल त्याला वापरता येत नाही.’ बाणेरच्या एका काचेच्या इमारतीतल्या कंपनीचं म्हणे येत होतं. एका तिमाहीत निम्मी रिन्यूअल्स गेली. सरांनी एफडी मोडली. मला विचारलंही नाही, पावती टेबलावर ठेवली.

मी आठ दिवसांत एमसीपी सर्व्हर उभा केला. फुशारकी होतीच. टूलच्या वर्णनात एक ओळ टाकली, ‘चार्ट काढतो’. बाकी सगळं 140 पानी पीडीएफमध्ये आहेच की, ‘उजवीकडचं हिरवं बटण दाबा’ वगैरे. एजंटला कुठलं आलंय बटण! त्याला दिसतं टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटची स्कीमा, म्हणजे कुठल्या रकान्यात काय भरायचं त्याचा आराखडा. त्या तिन्हींत नसेल ते तो अंदाजानं भरतो.

आमच्या स्कीमात ‘अपर लिमिट’ नावाचा एक रकाना होता. कुठली लिमिट, ते लिहिलंच नव्हतं. काकांच्या एजंटनं त्यात ड्रॉइंगवरची टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, भरली. 25 मिमीचा बोअर, अधिक-उणे 0.05, म्हणून वर 25.05 आणि खाली 24.95. आता हे वाचणाऱ्यांपैकी कुणी हसेल, पण कंट्रोल लिमिट, म्हणजे मशिनच्या नेहमीच्या चढउताराची सीमा, ड्रॉइंगवरून येत नाही, मशिनच्या स्वतःच्या आकड्यांवरून येते. पाचच्या सबग्रुपला (एका वेळी घेतलेल्या पाच मापांच्या गटाला) ए-टू हा ठरलेला गुणक 0.577, सरासरी रेंज, म्हणजे गटातल्या मोठ्या आणि लहान मापांतला सरासरी फरक, 0.02 धरली तर दोन्हींचा गुणाकार करून सरासरीच्या दोन्ही बाजूंना जेमतेम 0.012. रेषा चौपट लांब गेल्या. मशिनमधलं कापणारं टोक, इन्सर्ट, झिजून बोअर बारीक होत होता आणि चार्टवर सगळे ठिपके मधोमध, आळसावल्यासारखे.

काका प्रिंटआउट घेऊन स्कूटरवरून आले. म्हणाले, “सर, एवढा शांत चार्ट माझ्या मशिनचा असूच शकत नाही.”

सरांनी वही काढली. आम्ही दोघांनी मिळून डॉक्युमेंटेशन पुन्हा लिहिलं, या वेळी स्क्रीनशॉट एकही नाही. रकान्यांची नावं बदलली: ‘ड्रॉइंग लिमिट’ वेगळी, ‘कंट्रोल लिमिट’ टूल स्वतः काढणार, बाहेरून घेणारच नाही. प्रत्येक रकान्यापुढे एकक आणि एक खरा आकडा. हे टूल कधी वापरू नये तेही लिहिलं: सबग्रुप एकाचाच असेल तर हा चार्ट नको, एकेका मापाचा आय-एमआर चार्ट घ्या. एरर आधी नुसती ‘इनपुट चुकीचं’ अशी यायची. आता ‘सबग्रुप 7 मध्ये चारच वाचनं आहेत, पाच हवीत’ अशी येते, आणि एजंट चूक शोधून परत येतो. चित्रासोबत दोन ओळी मजकूरही जातो, कारण पुष्कळदा एजंट पीएनजी पुढे ढकलतो, बघत नाही.

नव्यानं धंद्यात येणाऱ्या पोरांना सांगतो, विचारलं नसलं तरी: डॉक्युमेंटेशन इंटर्नला देऊ नका. ज्यानं गेज हातात धरलाय त्याला द्या. आणि भागीदारी तोंडी करू नका. आमची तोंडीच आहे, ते सोडा.

गिऱ्हाइकं परत आली, सगळी नाही. मध्यंतरी मी बाणेरवाल्यांचं नवं डॉक्युमेंटेशन उघडलं. रकान्यांची नावं आमच्यासारखी, एररची वाक्यं आमच्यासारखी. म्हटलं, योगायोग असेल. मग नमुन्याचा पहिला आकडा पाहिला. 24.987.

सर म्हणाले, जाऊ दे. काका म्हणाले, “जाऊ दे काय? बोअर माझा आहे, भाडं लावा.”

नोटीस अजून पाठवलेली नाही. वकिलाची फी तेवढी विचारून ठेवली आहे.