गाभोळी

काकूने शिंगटी माशाचं पोट चिरलं आणि पिवळी गाभोळी, अंड्यांची पिशवी, भसकन विळीवर आली. "बघ, भरलेली मिळाली!" काकू खूश.

पहिल्या जोरदार पावसात भातखाचरं भरली की नदीतले मासे उलट्या पाण्याने वर चढतात, उथळात अंडी घालायला. आमच्याकडे याला वलगण म्हणतात. काल रात्री अर्धं गाव बॅटऱ्या, कोयते, पाग म्हणजे फेकायची जाळी घेऊन बांधावर. मीही होतो. खोटं कशाला बोलू, मजा आली.

समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, का तर माशांची वीण. ओढ्यातल्या माशांची वीणही याच दिवसांत, आणि आपण नेमके त्यांच्या वाटेत उभे.

काका म्हणाले, "आमचे आजे-पणजे पण धरायचे की."

खरंय. पण तेव्हा ओढ्यावर सिमेंटचा बंधारा नव्हता, खाचरात तणनाशक नव्हतं, तोंडाशी बारीक आसाचं नायलॉनचं जाळं नव्हतं. तेव्हा हातून सुटलेले मासे तरी वर पोचायचे.

गाभोळी तळली. दोन तुकडे खाल्ले, तिसरा उचलवेना.

"मीठ जास्त झालं का रे?" काकूने विचारलं.