कऱ्हेच्या खोऱ्यातलं शृंगी घुबड

दिवे घाट चढून सासवडच्या वाटेला लागलं की पुणं मागे पडतं आणि कऱ्हा नदीच्या खोऱ्यातला उघडा, दगडगोट्यांचा मुलूख सुरू होतो. पावसाळा सोडला तर इथला रंग पिवळट-तांबूसच. कुसळी गवत, बोरी-बाभळी, मध्येच घायपाताची रांग, आणि विहिरीला पाणी असेल तिथे अंजिराची नाहीतर सीताफळाची बाग. या रस्त्याच्या बहुतेक गाड्या जेजुरीला खंडोबाच्या दर्शनाला जातात, उरलेल्या पुरंदर किल्ल्याकडे वळतात. मी मात्र माघात तिकडे गेले ती शृंगी घुबड बघायला. तालुका पुरंदर, एवढंच सांगते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

आपल्याकडे घुबड म्हटलं की बहुतेकांना आठवतं ते बदामाच्या आकाराच्या चेहऱ्याचं गव्हाणी घुबड, किंवा संध्याकाळी तारेवर बसून कलकलाट करणारा पिंगळा. शृंगी घुबड या दोघांहून कितीतरी मोठं. उंची ५० ते ५६ सेंटीमीटर, अंगावर तपकिरी-काळ्या रेघोट्यांची नक्षी, डोळे नारिंगी, पाय पिसांनी झाकलेले. डोक्यावरच्या दोन शेंड्यांवरून त्याला शृंगी म्हणतात, पण ती शिंगंही नव्हेत आणि कानही नव्हेत, नुसती पिसं आहेत. खरे कान चेहऱ्याच्या कडेला पिसांखाली असतात. जेम्स फ्रँकलिनने १८३१ मध्ये या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे बराच काळ त्याला युरोप-आशियातल्या मोठ्या घुबडाची उपजात मानत. आता ती स्वतंत्र जात समजली जाते, आणि भारतीय उपखंडाबाहेर ती जवळपास नाहीच.

ज्यांच्या शेतावर मी उतरले ते दादा ज्वारी आणि हरभरा करतात. लहानपणापासून त्यांना हे घुबड माहीत आहे, कारण त्यांच्या रानाच्या कडेनेच एक ओघळ जाते. पावसाळ्यात वाहणारी, एरवी कोरडी. पाण्याने कापून तिची एक बाजू सरळसोट उभी केली आहे. वर मुरमाचा थर, खाली खडक, आणि दोहोंच्या मध्ये एक अरुंद कपार. घुबडाचं सगळं घर म्हणजे ती कपार. हे घुबड काड्या गोळा करून घरटं बांधत नाही. उघड्या मातीतच, दरडीच्या खोबणीत, कड्याच्या फळीवर, कधी सपाट माळावर एखाद्या झुडपाच्या आडोशाला मादी अंडी घालते. जागा सोयीची असली तर जोडी वर्षानुवर्षं तिथेच येते.

आम्ही ओघळीच्या पलीकडच्या बांधाआड, चांगल्या लांब अंतरावर बसलो. दादांचा नियमच आहे, बांधाच्या पुढे कोणी जायचं नाही. ज्वारी हुरड्यात आली होती, मागच्या रानात गोफणीचा आवाज मधूनमधून येत होता. सूर्य डोंगराला टेकला तरी कपारीत मला काहीच दिसेना. दादा म्हणाले, "ताई, दगडाकडं बघू नका, दगडाच्या कडंकडं बघा." मग दुर्बिणीत हळूहळू एक रेघ हलली आणि तिला डोळा फुटला. मादी अंग मिटून बसली होती. मुरमाचा रंग आणि तिचा रंग यात काही फरकच नव्हता.

नर बसला होता थोडा वर, निवडुंगाशेजारच्या धोंड्यावर. अंधार पडायला लागल्यावर त्याने अंग पुढे झुकवलं आणि गळा फुगवला. एरवी झाकलेला गळ्यावरचा पांढरा ठिपका लख्खकन उघडला, मग आवाज आला: बुऽ बोऽऽ. दुसरा स्वर लांबणारा, खोल. तो घशातून येतो असं वाटतच नाही, सबंध ओघळच घुमते आहे असं वाटतं. प्रत्येक हाकेला तो पांढरा ठिपका उघडायचा आणि मिटायचा. संधिप्रकाशात बाकी पक्षी दिसेनासा झाला तरी तेवढं पांढरं दिसत राहतं, म्हणजे दूरवरच्या जोडीदारालाही आणि शेजारच्या हद्दीतल्या दुसऱ्या नरालाही तो नुसता ऐकू येत नाही, दिसतोसुद्धा. या दिवसांत त्यांचं घुमणं भरात असतं. मादीने एकदाच उत्तर दिलं. त्यानंतर नर उडाला, आमच्या डोक्यावरून गेला, आणि कानाला काहीही कळलं नाही. घुबडाच्या उडत्या पिसाच्या पुढच्या कडेला बारीक दाते असतात आणि वरचा पृष्ठभाग मखमली असतो, त्यामुळे हवा कापताना फडफड होत नाही हे मी वाचलेलं होतं. पण एवढा मोठा पक्षी डोक्यावरून जातो आणि आपण नुसते वर बघत राहतो, ते प्रत्यक्ष अनुभवल्यावर वाचलेलं कळलं.

त्यांचा वीण हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. अंडी साधारण तीन-चार, पांढुरकी, गोलसर. मादी एकटी सुमारे ३३ दिवस ती उबवते आणि नर तिला आणून भरवतो. पिल्लं मागेपुढे फुटतात, म्हणून एकाच कपारीत मोठं, मधलं, धाकटं अशी उतरंड दिसते. त्यानंतरही जवळजवळ सहा महिने ती आईबापांवर अवलंबून असतात. एवढा मोठा काळ जमिनीवरच्या घरट्याशी बांधलेला असणं म्हणजे कोल्हा, मुंगूस, गावची भटकी कुत्री, या सगळ्यांच्या तोंडाशी असणं. म्हणून आईबाप थेट घरट्यावर उतरत नाहीत, आधी दुसरीकडे बसतात, वाकड्यातिकड्या वाटेने येतात. कोणी फारच जवळ आलं तर पंख मोडल्याचं सोंग करून जमिनीवर लोळतात आणि त्याला लांब नेतात. पिल्लंही पिसं फुलवून आपण आहोत त्याच्या दुप्पट दिसायचा प्रयत्न करतात.

रात्री दादांच्या घरी पिठलं-भाकरी झाली. त्यांच्या आई ओट्यावर बसल्या होत्या. मी घुबडाचं काढलं तर म्हणाल्या, "त्येला दगड मारू न्हाय बाय. त्यो दगड उचलून न्हेतंय आन् पाण्यात ठिवतंय. दगड जसा झिजंल, तसा मारणारा झिजतोय." मी ही समजूत आधीही ऐकली होती, पण ज्यांच्या रानात घुबड राहतं त्यांच्या तोंडून ऐकताना तिचा दुसरा अर्थ लागला. या भीतीने कितीतरी पिढ्या गुराख्याच्या पोरांचे हात आवरले असतील. तरीही मला भीतीवर भरवसा ठेवावासा वाटत नाही. जे भितं ते उद्या कोणी पैसे दिले की पकडूनही देतं. घुबड अशुभ आहे म्हणून हाकलणारा आणि घुबडात शक्ती आहे म्हणून त्याचा बळी देणारा, दोघंही एकाच समजुतीवर जगतात.

हा बळीचा धंदा खरा आहे. ट्रॅफिक इंडिया या वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये भारतातल्या घुबडांच्या व्यापारावर अहवाल काढला. त्या वेळी देशात घुबडांच्या ३० जाती धरल्या जात होत्या आणि त्यांतल्या १५ जाती व्यापारात आढळल्या. मोठ्या आणि डोक्यावर शेंड्या असलेल्या घुबडांना मांत्रिकांकडून जास्त मागणी, म्हणजे शृंगी घुबड थेट निशाण्यावर. दिवाळीच्या आसपास हे प्रकार वाढतात. लक्ष्मीचं वाहन म्हणून ज्याची पूजा व्हावी, त्याचाच त्या रात्री जीव घेतला जातो, याचा मला मनापासून संताप येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे. पण कायदा पोहोचायच्या आधी गावातल्या कोणीतरी "इथे घुबड नाही" असं सांगायला हवं, आणि ते सांगणारा माणूस त्या पक्ष्याला ओळखणारा असायला हवा.

सकाळी घुबडं निवांत झाल्यावर दादांनी ओघळीच्या वरच्या अंगाला, कपारीपासून बऱ्याच लांब, नराच्या रोजच्या बसायच्या धोंड्याखाली नेलं. तिथे राखाडी, अंगठ्याएवढे गोळे पडले होते. घुबड लहान भक्ष्य अख्खं गिळतं, आणि न पचणारी हाडं-केस यांचा गोळा करून तोंडावाटे टाकतं. दादांनी जुना पेपर पसरला आणि बाभळीच्या काट्याने एक गोळा सोडवायला घेतला. आधी केसांची लोकर सुटली. मग एक कवटी निघाली, पिवळ्या-नारिंगी रंगाचे पुढचे लांब दात तसेच, मग दुसरी तिच्याहून लहान. बरगड्या सुईसारख्या. एका बाजूला भुंग्याचं चकचकीत कवच आणि ओढ्यातल्या खेकड्याच्या नांगीचा तुकडा. दुसऱ्या गोळ्यात मोठा जबडा होता. दादा बघताक्षणी म्हणाले, "ही घूस. बांध पोखरती ती."

दादा ज्याला शत्रू मानतात ते सगळं त्या पेपरवर होतं. घुशी, शेतातले उंदीर, माळावरचे जाड केसांचे उंदीर. पुण्याच्या इला फाउंडेशनच्या डॉ. सतीश पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच भागात शृंगी घुबडाची वीण आणि आहार यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे, असेच गोळे जमवून, त्यातली हाडं ओळखून. या घुबडाच्या आहारात शेतीचं नुकसान करणाऱ्या प्राण्यांचा वाटा फार मोठा आहे हे त्यातून पुढे आलं. याच तालुक्यातल्या पिंगोरी गावात या संस्थेचं केंद्र आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथे घुबडांचा महोत्सव झाला, आणि २०१९ मध्ये जगभरचे घुबड-अभ्यासक परिषदेसाठी पुण्यात आले. जेजुरीजवळच्या एका खेड्यात शाळेतली मुलं घुबडाची चित्रं काढतात, ही मला कुठल्याही सरकारी फलकापेक्षा मोठी गोष्ट वाटते.

शेजारच्या रानात मात्र उंदराचं औषध टाकलेलं होतं. शेतकऱ्याला दोष द्यायला मी बसलेली नाही, पोतं पोखरलं गेलं की काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक. पण विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो सुस्त होतो, उघड्यावर येतो आणि घुबडाला सगळ्यात आधी सापडतो. ब्रोमॅडिओलोनसारखी रक्त न गोठू देणारी औषधं तर उंदराच्या यकृतात टिकून राहतात आणि तिथून खाणाऱ्याच्या अंगात जातात. फुकटात उंदीर मारणारा पक्षी आपण विकत आणलेल्या विषाने मारतो.

आणि त्याहून मोठी धास्ती मला त्या दरडीची आहे. आंतरराष्ट्रीय यादीत शृंगी घुबड अजून धोक्यात नसलेली जात आहे, त्यामुळे त्याच्यासाठी कोणी अभयारण्य काढणार नाही. ते राहतं ते माळावर, आणि माळ म्हणजे रिकामी जागा असं सगळ्यांनी ठरवलं आहे. प्रस्तावित विमानतळाच्या चर्चेपासून पुरंदरच्या जमिनीकडे सगळ्यांचे डोळे लागले आहेत. रस्त्याला मुरूम हवा, बंगल्यांना प्लॉट हवेत, आणि डोंगर फोडून खडी हवी. खाण बंद पडली आणि शांत राहिली तर घुबड तिच्या भिंतीवरही राहतं, त्याचा माणसाला विरोध नाही. विणीच्या ऐन हंगामात जेसीबी लागला तर मात्र त्या वर्षीची सगळी पिल्लं गेली. दादांकडेही विचारणा झाली होती. ते सांगत होते, "मुरूम चांगला हाय म्हणाले, पैसं बी बरं देत व्हते. म्या म्हनलं, वरच्या पट्टीतला न्या, ह्या दरडीचं एक घमेलं बी न्हाय." आई आतून म्हणाल्या, "बरं केलंस." त्या कशासाठी म्हणाल्या, दगडाच्या धाकाने की घुशींच्या हिशोबाने, ते मी विचारलं नाही.

आता गावाचं नाव का लिहिलं नाही ते. घरट्याची जागा एकदा नकाशावर पडली की आधी कॅमेरे येतात. मोबाईलवर घुबडाचा आवाज लावून नराला बोलावतात, रात्री डोळ्यांवर बॅटरी मारतात, पिल्लांच्या जवळच्या फोटोसाठी मादीला उठवतात. ती उठली की माघातल्या गारठ्यात अंडी नाहीतर लहान पिल्लं उघडी पडतात. आणि कॅमेऱ्यांमागून कोण येईल ते सांगता येत नाही.

तुम्हाला शृंगी घुबड बघायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. सूर्यास्ताआधी अर्धा तास खडकाळ ओघळ किंवा जुनी खाण दिसेल अशा ठिकाणी लांब बसा, शेताच्या मालकाला आधी विचारा, आणि मोबाईल खिशातच राहू द्या. फोटो टाकलात तर जिल्ह्याचं नाव पुरे. मार्च-एप्रिलमध्ये उडता न येणारं, कापसाळ पिसांचं मोठं पिल्लू जमिनीवर चालताना दिसलं तर उचलून घरी आणू नका. पंख धरायच्या आधी ती अशीच पायी हिंडतात आणि आईबाप जवळपासच असतात. कुत्री असतील तर ती हुसकावा आणि तुम्हीही मागे सरा. पंख लोंबत असेल, मांजा किंवा काटेरी तारेत अडकलं असेल, किंवा कोणी विकायला आणलं असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. माणूस येईपर्यंत पक्ष्यावर सुती कापड टाकून त्याला हवेशीर खोक्यात अंधारात ठेवा आणि तोंडात पाणी ओतू नका.