आमची वाटचाल : पोळपाट, गाठी आणि एक झोपाळा

इचलकरंजीत २००४ साली भाड्याच्या दोन खोल्यांत मी ऑक्युपेशनल थेरपीचं सेंटर सुरू केलं, तेव्हा पाटी वाचून लोक विचारायचे, "म्हणजे फिजिओच ना?" आजही विचारतात. आजारानं किंवा दुखापतीनं अडलेली रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून कामातूनच उपचार करायचे, ती ऑक्युपेशनल थेरपी. कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये देशातलं पहिलं प्रशिक्षण सुरू केलं. नागपुरात १९५८ पासून हा कोर्स आहे, मी तिथंच शिकले. एवढी जुनी विद्या अजून दुसऱ्याच्या नावानं ओळखली जाते, हे मला आजही लागतं.

भांडवल म्हणजे पाणी तापवायचं एक पसरट पातेलं, थर्मामीटर, सांध्याचा कोन मोजायचं गोनिओमीटर आणि चांगली कात्री. स्प्लिंट म्हणजे हात योग्य स्थितीत धरून ठेवणारा साचा, त्याची प्लास्टिकची शीट महाग. म्हणून हाताचा नमुना आधी कागदावर काढायचा, तो हातावर लावून बघायचा, मगच शीट कापायची. पाणी ६५ ते ७० अंशांवर आलं की शीट मऊ पडते आणि पुढची दोन-चार मिनिटंच आपली असतात. तेवढ्यात मनगट पंचवीसेक अंश वर धरायचं, तळहाताची वरची रेघ मोकळी ठेवायची, करंगळीकडच्या मनगटाच्या हाडावर दाब येऊ द्यायचा नाही. नव्या मुली बोटांच्या टोकांनी दाबतात, तिथं खळगे पडतात आणि महिन्याभरानं पेशंटच्या कातडीवर वळ दिसतात. शीट नेहमी सगळ्या तळहातानं बसवावी.

बाकी सगळं सुतारमामांनी केलं. भोकांत खुंट्या बसवायचा पेगबोर्ड, उतरती फळी, तोल सांभाळायची पाटी, सगळं त्यांच्या हातचं. लकवा झालेल्या एका काकांना मी उतरत्या फळीवर सॅंडपेपरचा ठोकळा वर-खाली घासायला लावलं होतं. मामा बघत उभे होते. म्हणाले, "ताई, नुसतं कशाला घासायचं? खरं लाकूड द्या की. काहीतरी होईल तरी त्याचं." दुसऱ्या दिवशी पोळपाटाची फळी आली. खांदा तेवढाच हलत होता, कोपर तेवढंच सरळ होत होतं. पण पहिल्या दिवशी दहा मिनिटांत थकणारे काका पोळपाट पुरा होईपर्यंत उठेनात. कॉलेजात 'हेतुपूर्ण कृती'वर पानंच्या पानं लिहिली होती, ती मला मामांच्या त्या एका वाक्यात कळली.

मग २०१३ आलं. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक मोठं सेंटर उघडलं. एसी, रंगीत दिवे, आणि चाळीस सेशनचं पॅकेज आगाऊ पैसे भरून. डॉक्टरांना कट द्यायचे, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. माझ्या दोन्ही असिस्टंट मुली एकाच महिन्यात तिकडं गेल्या. आमच्याकडं थेरपीला अठ्ठावीस मुलं यायची, दिवाळीपर्यंत सहा राहिली. भाडं थकलं, बांगड्या पतसंस्थेत ठेवल्या.

पैशाचं दुःख एकवेळ विसरेन, दुसरं नाही विसरता येत. तिथं घड्याळ लावून मुलांना झोपाळ्यावर गरगर फिरवायचे आणि त्याला सेन्सरी इंटिग्रेशन, म्हणजे संवेदनांचा मेळ घालणं, असं म्हणायचे. जीन एअर्स या अमेरिकन थेरपिस्ट बाईंनी हे शास्त्र मांडलं, त्यांचं पुस्तक १९७२ चं. त्यात मूल पुढं असतं आणि थेरपिस्ट मागं. मुलाला कानातल्या तोलाचं, सांध्या-स्नायूंचं, स्पर्शाचं काय झेपतं ते आधी तपासायचं. मग त्याला जेमतेम जमेल एवढंच आव्हान समोर ठेवायचं. एक आई रडत परत आली, मुलगा झोपाळा दिसला की ओरडायचा. आम्ही आमचा झोपाळा जमिनीपासून वीतभर उंचीवर बांधला आणि मुलाला हात लावला नाही. नवव्या दिवशी तो आपणहून पोटावर झोपला आणि पायांनी स्वतःच ढकलू लागला.

त्याच पडत्या काळात मागावरचे एक कामगार आले. गिअरमध्ये सापडून दोन बोटांच्या वाकवणाऱ्या शिरा तुटलेल्या, ऑपरेशन मिरजेला झालेलं. सहा आठवडे स्प्लिंट, मग हळूहळू ताकद. तीन महिन्यांनी मूठ वळली, पकड मोजायच्या यंत्रावर जोरही बऱ्यापैकी आला, पण गडी मागावर जाईना. "हातात दमच नाही," एवढंच म्हणायचे. किलहॉफनर या ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या १९८० च्या मॉडेलमध्ये माणसाच्या कामाचे तीन पदर आहेत : इच्छा, सवय आणि क्षमता. क्षमता परत आली होती, इच्छा त्या गिअरमध्येच अडकली होती. मी मामांना सांगितलं. त्यांनी लाकडी चौकट केली, मागवाल्या शेठजींनी जुनी फणी दिली, आणि आम्ही उभे धागे ताणून मुद्दाम तोडून ठेवले. पहिल्या दिवशी त्यांनी तीन गाठी मारल्या, कपाळावर घाम. आठवड्याभरात हाताकडं न बघता तार जोडायला लागले, माझ्याशी गप्पा मारत. तेव्हा मी तोंड फिरवून डोळे पुसले.

शेठजी स्वतः बघायला आले. त्यानंतर हाताला लागलेला त्यांचा प्रत्येक कामगार आमच्याकडं आला, ओळखीच्या मागवाल्यांचेही आले. कुणाला एक पैसा कट दिला नाही. ते सेंटर २०१७ ला बंद झालं. पुढची वर्षं ठीक गेली, जागा स्वतःची झाली.

नवीन थेरपिस्टांना सांगते, आधी पेशंटच्या घरी किंवा कामावर एक चक्कर मारा, साहित्य नंतर घ्या. आणि आईवडिलांनो, चाळीस सेशनचे पैसे आगाऊ मागितले तर आधी विचारा की तपासणीत काय निघालं. सरळ उत्तर मिळालं नाही तर उठून या.

मामांचे हात आता थरथरतात. चमचा धरायला मी त्यांना जाड मुठीची दांडी करून दिली, लाकूड त्यांनीच निवडलं. फळ्या आता त्यांचा मुलगा कापून पाठवतो. परवा बारा आल्या, आंब्याच्या, कडा अजून खरखरीत.