आमची वाटचाल : किती छापलं, काय बदललं

2006 साली नाशिकमध्ये आम्ही जनसंपर्काच्या मोजमापाची छोटी कंपनी काढली, तेव्हा काम म्हणजे कात्रणं. बातमी कॉलम सेंटिमीटरमध्ये मोजायची, पेपरच्या जाहिरात दराने गुणायची आणि महिनाअखेर ग्राहकाला सांगायचं, इतक्या लाखांची प्रसिद्धी फुकट मिळाली. बातमीवर वाचकाचा विश्वास जास्त, म्हणून काही जण ती रक्कम वर तिपटीने दाखवत.

हा हिशेब मला कधीच पटला नाही. कारखान्यातल्या अपघाताची बातमी पहिल्या पानावर चार कॉलम आली, तर तीही लाखांतच मोजायची? आणि छापील दर पूर्ण मोजून जाहिरात देतं तरी कोण?

2010 मध्ये बार्सिलोनाला 'अ‍ॅमेक' या, जनसंपर्काचं मोजमाप करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या परिषदेत मोजमापाची सात तत्त्वं ठरली. जाहिरातीच्या दराने काढलेली किंमत म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. आम्हाला बळ आलं. लाखांचा रकाना अहवालातून काढून टाकला. त्यावरून एक मोठा ग्राहक गेला, कारण संचालक मंडळापुढे ठेवायला त्यांना तोच आकडा हवा होता. पुढचं वर्ष ओढाताणीचं गेलं, पण रकाना परत आणला नाही.

आमच्या कामाला खरी दिशा दिली ती एका धर्मादाय रुग्णालयाच्या मोतीबिंदू शिबिराने. नोंदणीच्या वहीत आम्ही एकच प्रश्न वाढवला : 'शिबिराचं कुठून कळलं?' पेठ-सुरगाण्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी पेपरचं नावही घेतलं नाही. कुणाला आशाताईंनी सांगितलं होतं, कुणाला ऑपरेशन करून आलेल्या शेजारणीने. पण बरेच जण म्हणाले, 'पोराचा फोन आला.' पोरगा नाशकात कामाला, बातमी त्याने वाचलेली! म्हणजे बातमी पोचली होती, फक्त वेगळ्या वाटेने. पुढच्या शिबिराची प्रेसनोट आम्ही या मुलांसाठीच लिहून घेतली : गावी आईवडील असतील तर त्यांना कधी, कुठे पाठवायचं, सोबत कोणते कागद द्यायचे.

आता मोहिमेआधी आणि नंतर, दोन्ही वेळा आम्ही लोकांना विचारतो. जमेल तिथे मोहीम न पोचलेलं एखादं गावही तुलनेला घेतो. याला खर्च येतो, आणि प्रसिद्धीच्या बजेटमधून मोजमापासाठी वेगळे पैसे काढायची सवय आपल्याकडे अजून कमी आहे. म्हणून ती रक्कम आम्ही पहिल्याच बैठकीत मांडतो आणि मान्य असेल तरच काम हातात घेतो.